उपासमारीत संपलेला बियांचा राखणदार

भुईमूग पेरणाऱ्या खानदेशातल्या शेतकऱ्याला ‘जेएल-२४’ हे नाव नवे नाही. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने दिलेला हा वाण ‘फुले प्रगती’ या नावानेही ओळखला जातो आणि पुढे तो आफ्रिकेतही पोचला. परदेशातून आलेल्या बियाण्याच्या एका नमुन्यातून चांगली झाडे निवडून तो तयार झाला. नमुना जपलेला होता, म्हणून निवड करता आली. असे नमुने जगभरातून गोळा करून ठेवण्याचे काम ज्याने आयुष्यभर केले, तो निकोलाय वाविलोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ मात्र तुरुंगात उपासमारीने मेला.

वाविलोव्ह यांचा जन्म १८८७ चा, मॉस्कोतला. शेतकीचे शिक्षण घेतल्यावर ते इंग्लंडला जाऊन आनुवंशशास्त्र शिकले. रोगाला बळी न पडणारे, दुष्काळात तग धरणारे पीक हवे असेल, तर तो गुण असलेले झाड आधी कुठेतरी सापडले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १९१६ मध्ये ते इराण आणि पामीरच्या डोंगरांत गेले. पुढे अफगाणिस्तान, इथिओपिया, मेक्सिको असे देश पालथे घातले. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वाधिक प्रकार आढळतात, तिथेच त्याचे मूळ शोधावे, असा सिद्धांत त्यांनी १९२६ मध्ये मांडला. अशा मूळस्थानांमध्ये त्यांनी भारतालाही जागा दिली. तूर, मूग, उडीद ही त्यातली आपली पिके.

त्याआधी, १९२० मध्ये, त्यांनी आणखी एक नियम सांगितला होता. जवळच्या नात्यातल्या पिकांमध्ये फरकही सारखेच दिसतात. वाटाणा, मसूर, लाख यांची फुले, शेंगा आणि दाणे त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. फुलांचे रंग, दाण्यांचे आकार, वेल की झुडूप, असे प्रकार एकात दिसले की दुसऱ्यातही शोधायचे, ही त्यांची रीत होती.

हा नियम आपल्या कुळथाला, म्हणजे हुलग्याला, लावून पाहा. हलक्या, मुरमाड जमिनीत, थोड्या पावसावर येणारे हे कडधान्य. त्यात प्रथिने भरपूर, लोहही चांगले. पण बरेच प्रकार वेलीसारखे पसरतात, शेंगा एकाच वेळी पिकत नाहीत, काढणीला उशीर झाला तर दाणे गळतात. मजुरी वाढल्यावर असे पीक मागे पडणारच. मुगात सुधारणा होऊन एकाच वेळी काढणीला येणारे वाण मिळाले. मग कुळथात ताठ वाढणारे, लवकर आणि एकदम पिकणारे झाड का नसावे? ते शोधायचे तर शेकडो नमुने पेरून झाडाची उंची, फांद्या, फुलोऱ्याचे दिवस, शेंगेतले दाणे, दाण्याचा रंग आणि वजन यांची नोंद करावी लागते. हे काम कंटाळवाणे असले, तरी नव्या वाणाची सुरुवात त्यातूनच होते.

वाविलोव्ह यांच्या संस्थेत लेनिनग्राडला १९४० पर्यंत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते. पण आनुवंशशास्त्र नाकारणाऱ्या लायसेन्कोला स्टालिनचा पाठिंबा मिळाला. वाविलोव्ह यांनी माघार घेतली नाही. ऑगस्ट १९४० मध्ये युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करत असतानाच त्यांना अटक झाली. आधी देहदंड, नंतर २० वर्षांची कैद. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात ते गेले. १९५५ मध्ये सरकारने त्यांना निर्दोष ठरवले.

त्याच काळात जर्मन फौजांनी लेनिनग्राडला ८७२ दिवस वेढा दिला. संस्थेत तांदूळ, गहू, वाटाणा, शेंगदाणे पोत्यांनी भरलेले होते. राखणाऱ्यांनी त्यातला दाणाही खाल्ला नाही. भुईमुगाचा संग्रह सांभाळणारे अलेक्झांडर श्चुकिन कामाच्या टेबलापाशीच भुकेने गेले.

आज भारतात हे काम राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो करते. त्याचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. पण पेढीत न पोचलेला वाण शेतातून गेला की कायमचा गेला. धुळे-जळगावच्या एखाद्या घरात आजीने राखेत कालवून ठेवलेला काळा किंवा ठिपक्यांचा कुळीथ अजून असेल. कपाशी किंवा मका लावण्यापूर्वी त्यातला मूठभर बांधाला पेरा आणि थोडा कृषी विद्यापीठाला किंवा अकोल्याच्या केंद्राला कळवून द्या. नको वाटणाऱ्या त्या दाण्यातच उद्याच्या वाणाला हवा असलेला गुण असू शकतो.