रॉबर्ट जोन्स (शल्यचिकित्सक)

सर रॉबर्ट जोन्स (२८ जून, १८५७ : ऱ्हिल, वेल्स – १४ जानेवारी, १९३३ : मॉन्टगोमरीशायर, वेल्स) हे ब्रिटिश शल्यचिकित्सक होते. आधुनिक अस्थिशल्यचिकित्सेच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. अपघाताच्या जागेपासून रुग्ण पुन्हा कामावर रुजू होईपर्यंत उपचारांची साखळी कोठेही तुटू नये, हे तत्त्व त्यांनी मोठ्या प्रमाणावर अमलात आणले. मोडलेल्या हाडांच्या रुग्णांना ठरावीक दिवसांनी पुन्हा बोलावून तपासण्याची जी पद्धत आज जगभरच्या रुग्णालयांत दिसते, तिच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. पावलातील एका विशिष्ट अस्थिभंगाला आणि गुडघ्याला बांधल्या जाणाऱ्या कापसाच्या जाड पट्टीला त्यांचे नाव मिळाले आहे.

प्रारंभिक जीवन

जोन्स यांचा जन्म उत्तर वेल्समधील ऱ्हिल या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील पत्रकार होते व घरची परिस्थिती बेताची होती. १८७३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते लिव्हरपूल येथे काका ह्यू ओवेन थॉमस यांच्याकडे राहावयास गेले. थॉमस यांच्या पत्नी या जोन्स यांच्या आत्या होत्या. लिव्हरपूलच्या वैद्यकीय शाळेत शिक्षण घेऊन १८७८ मध्ये ते वैद्यकीय व्यवसायास पात्र ठरले. १८८९ मध्ये त्यांना एडिंबरो येथील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप मिळाली. त्याच सुमारास लिव्हरपूलच्या रॉयल सदर्न रुग्णालयात मानद शल्यचिकित्सक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८८७ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये होती.

ह्यू ओवेन थॉमस यांचा सहवास

थॉमस यांचे घराणे मूळचे अँगलसी बेटावरील असून पिढ्यान्‌पिढ्या हाडवैदूचा व्यवसाय करीत आले होते. ह्यू यांचे वडील इव्हान थॉमस हे लिव्हरपूलमधील नामांकित हाडवैदू होते. पदवी नसल्यामुळे डॉक्टरमंडळींचा विरोध त्यांना वारंवार सोसावा लागला. म्हणून त्यांनी आपल्या पाचही मुलांना रीतसर वैद्यकीय शिक्षण दिले. ह्यू थॉमस यांच्या हाती अशा रीतीने घराण्यातील हातोटी आणि वैद्यकशास्त्र या दोहोंचा मेळ पडला. दुखावलेल्या सांध्याला पूर्ण, सलग आणि दीर्घ विश्रांती द्यावी, हा त्यांच्या उपचारांचा गाभा होता. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या कार्यशाळेत निरनिराळे आधारसाचे बनविले. त्यांपैकी लोखंडी कडे व दोन दांडे असलेला थॉमस स्प्लिंट पुढे जगप्रसिद्ध झाला.

नेल्सन स्ट्रीटवरील त्यांच्या दवाखान्यात गोदीतले हमाल, खलाशी आणि कारखान्यांतले मजूर येत. रविवारी गरिबांना विनामूल्य तपासले जाई. जोन्स यांनी येथे उमेदवारी केली. थॉमस स्वभावाने एककल्ली व वादप्रिय असल्याने त्यांचे विचार हयातीत फारसे पसरले नाहीत. १८९१ मध्ये त्यांच्या निधनानंतर दवाखाना जोन्स यांच्याकडे आला. मृदुभाषी व मनमिळाऊ जोन्स यांनी गुरूचे विचार वैद्यकीय जगाच्या गळी उतरविले. मात्र विश्रांतीनंतर सांध्याची हालचाल वेळेवर सुरू करण्यावरही त्यांनी तेवढाच भर दिला.

मँचेस्टर जहाज कालवा

मँचेस्टर शहर समुद्राशी जोडणाऱ्या ५८ किलोमीटर (३६ मैल) लांबीच्या कालव्याचे खोदकाम १८८७ मध्ये सुरू झाले. हजारो मजूर कामावर होते आणि सुरुंग, वाफेची यंत्रे, मालगाड्या व कोसळणाऱ्या दरडी यांमुळे अपघात नित्याचे होते. १८८८ मध्ये या कामाचे मुख्य शल्यचिकित्सक म्हणून जोन्स यांची नियुक्ती झाली, तेव्हा ते अवघ्या तिशीत होते.

त्यांनी कालव्याचे तीन विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी एक रुग्णालय उभारले आणि मधल्या टापूत प्रथमोपचार केंद्रांची रांग बसविली. कालव्याला समांतर असलेल्या कामाच्या रेल्वेने जखमींना हलविले जाई. मोडलेला अवयव जागेवरच स्प्लिंटमध्ये बांधावयाचा, मगच रुग्णाला हलवावयाचे, असा दंडक होता. किरकोळ दुखापतींची सोय केंद्रावरच लागे आणि गंभीर रुग्ण रुग्णालयात जात. जखमी किती गंभीर आहे हे पाहून तो कोठे पाठवायचा ते ठरविणारी अशी संघटित अपघातसेवा जगात यापूर्वी क्वचितच अस्तित्वात होती. कालवा १८९४ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

क्ष-किरणांचा वापर

विल्हेल्म राँटगेन यांच्या क्ष-किरणांच्या शोधाची वार्ता १८९६ च्या आरंभी इंग्लंडमध्ये पोहोचली. फेब्रुवारी १८९६ मध्ये जोन्स यांनी लिव्हरपूलचे भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या साहाय्याने एका मुलाच्या मनगटात रुतलेल्या छऱ्याचे छायाचित्र मिळविले. वैद्यकीय कामासाठी इंग्लंडमध्ये घेतल्या गेलेल्या पहिल्या क्ष-किरण छायाचित्रांत त्याचा समावेश होतो. जोन्स यांचे तरुण सहकारी थर्स्टन हॉलंड पुढे या शाखेचे अध्वर्यू झाले.

जोन्स अस्थिभंग

नृत्य करीत असताना जोन्स यांच्या स्वतःच्या पावलाला दुखापत झाली. वरवर पाहता ती स्नायूची किंवा कंडरेची इजा वाटत होती. पण क्ष-किरण छायाचित्रात करंगळीमागचे लांब हाड, म्हणजे पाचवी प्रपदास्थी, बुडाजवळ मोडल्याचे दिसले. स्वतःसह अशा काही रुग्णांची माहिती जोन्स यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष मार न लागता, केवळ पाय आत वळून त्यावर भार पडल्यानेही हे हाड मोडते, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुढील अभ्यासाने या हाडाच्या बुडाशी होणारे भंग एकसारखे नसल्याचे दिसून आले. अगदी टोकाचा तुकडा निघाला असल्यास तो साध्या आधाराने व चालण्या-फिरण्याने बहुधा बरा होतो. त्याच्या किंचित पुढे, जेथे रक्तपुरवठा कमी असतो तेथे झालेला भंग मात्र सावकाश जुळतो, कधी जुळतच नाही. या दुसऱ्या प्रकाराला आज जोन्स अस्थिभंग म्हणतात. दोन्ही भंगांत अंतर जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचे असते. पण पहिल्या रुग्णाला सूचना देऊन घरी पाठविता येते, तर दुसऱ्यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते.

ॲग्नेस हंट यांच्यासोबतचे कार्य

श्रॉपशायर परगण्यातील बासचर्च या खेड्यात ॲग्नेस हंट या परिचारिकेने १९०० मध्ये अपंग मुलांसाठी आश्रयगृह सुरू केले होते. त्या स्वतः सांध्याच्या आजाराने लहानपणापासून अधू होत्या. उपचारांसाठी त्या जोन्स यांच्याकडे आल्या आणि त्यातून दोघांचे दीर्घ सहकार्य सुरू झाले. जोन्स नियमितपणे बासचर्चला जाऊन शस्त्रक्रिया करीत. मुलांना मोकळ्या हवेत, उघड्या पडव्यांमध्ये ठेवले जाई.

उपचार घेऊन घरी गेलेली मुले काही महिन्यांनी पुन्हा वाकड्या पायांनी परत येत, असा अनुभव येऊ लागला. आईवडिलांना प्रवासाचा खर्च व बुडालेली मजुरी परवडत नसे, त्यामुळे तपासणी राहून जाई. यावर उपाय म्हणून १९०७ पासून आसपासच्या गावांमध्ये पश्चात्‌सेवा केंद्रे उघडण्यात आली. रुग्णाने रुग्णालयाकडे जाण्याऐवजी परिचारिका रुग्णाच्या गावी जाऊ लागली. १९२१ मध्ये संस्थेचे ऑस्वेस्ट्री येथे स्थलांतर झाले. आज ते रुग्णालय जोन्स आणि हंट या दोघांच्या नावाने ओळखले जाते.

पहिले महायुद्ध

पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभीच्या काळात खाटा रिकाम्या करण्याच्या घाईत हातपाय मोडलेल्या सैनिकांना लवकर घरी पाठविले जाई. त्यांची पुढे विचारपूस करणारी यंत्रणा नव्हती. परिणामी ताठरलेले सांधे व वाकडी जुळलेली हाडे घेऊन हजारो तरुण कायमचे अपंग होऊ लागले. ही गोष्ट जोन्स यांनी लष्कराच्या निदर्शनास आणून दिली. १९१५ मध्ये लिव्हरपूलजवळच्या अल्डर हे येथे अशा सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. १९१६ मध्ये जोन्स यांची लष्करी अस्थिचिकित्सेचे निरीक्षक म्हणून नियुक्ती झाली. लंडनमधील शेफर्ड्स बुश येथील रुग्णालयात उपचारांबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारख्या कामांच्या कार्यशाळा चालविल्या जात. पोर्तुगालचे पदच्युत राजे दुसरे मॅन्युएल यांनी या कामास मोठे साहाय्य केले. युद्धाच्या अखेरीस अशा केंद्रांतील खाटांची संख्या २० हजारांवर गेली होती.

मांडीचे हाड गोळीने मोडलेल्या सैनिकांना आघाडीवरच थॉमस स्प्लिंट बांधण्याचा आग्रह जोन्स यांनी धरला. अशा जखमींच्या मृत्यूचे प्रमाण १९१६ मधील ८० टक्क्यांवरून १९१८ पर्यंत २० टक्क्यांच्या आसपास आले, असे सामान्यतः सांगितले जाते. नेमक्या आकड्यांविषयी इतिहासकारांत मतभेद असले, तरी या साध्या साधनाने असंख्य प्राण वाचले याविषयी दुमत नाही.

ग्रंथ, संस्था व सन्मान

सांध्यांच्या दुखापतींवरील पुस्तक (१९१५), लष्करी अस्थिचिकित्सेवरील टिपणे (१९१७) आणि अमेरिकन शल्यचिकित्सक रॉबर्ट लव्हेट यांच्यासह लिहिलेला अस्थिशल्यचिकित्सेवरील ग्रंथ (१९२३) ही त्यांची प्रमुख ग्रंथसंपदा होय. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश ऑर्थोपीडिक असोसिएशनचे ते १९२० पासून पाच वर्षे अध्यक्ष होते. १९२९ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अस्थिशल्यचिकित्सा संस्थेच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. १९१७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब आणि १९२६ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली.

मृत्यू

१४ जानेवारी १९३३ रोजी वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी लिव्हरपूलच्या कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या.

वारसा

जोन्स यांच्या पश्चात अस्थिभंगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग ब्रिटनमध्ये सर्वत्र रूढ झाले. पुढील काळात मात्र या पद्धतीला यांत्रिक रूप आले. गंभीर भंग असो वा मुरगळलेला घोटा, अपघात विभागातून प्रत्येकाला ठरावीक तारखेला परत बोलावले जाऊ लागले. अनेकांना तासन्‌तास थांबूनही केवळ सर्व ठीक असल्याचे ऐकून परतावे लागे, आणि ज्यांना खरोखर वेळ द्यावयास हवा त्यांच्यासाठी तज्ज्ञांना वेळ उरत नसे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो रॉयल इन्फर्मरीने २०११ च्या सुमारास वेगळा मार्ग अवलंबिला. करंगळीमागच्या प्रपदास्थीच्या टोकाचा भंग, तळहातातील करंगळीकडच्या हाडाच्या मानेचा भंग, कोपराजवळील हाडाची किरकोळ चीर, लहान मुलांच्या मनगटाजवळील हाडाला पडलेली पोची यांसारख्या, आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखापतींच्या रुग्णांना पहिल्याच दिवशी काढता येणारा आधार, लेखी सूचना आणि दूरध्वनी क्रमांक देऊन मुक्त केले जाऊ लागले. इतर रुग्णांची कागदपत्रे व क्ष-किरण छायाचित्रे तज्ज्ञ पाहून पुढील निर्णय घेतात. मुलांच्या मनगटातील पोचीविषयी ब्रिटनमधील २३ रुग्णालयांत ९६५ मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साधी पट्टी देऊन लगेच घरी पाठविलेल्या आणि घट्ट आधार दिलेल्या मुलांच्या वेदनांत उपचारानंतर तीन दिवसांनी फरक आढळला नाही.

वरवर ही पद्धत जोन्स यांच्या कार्याच्या उलट दिशेने जाणारी वाटते. तथापि महायुद्धातील सैनिकांची हानी केवळ लवकर घरी पाठविल्याने झाली नव्हती. कोणाला पाठवावे याची निवड नव्हती आणि पाठविल्यानंतर परतीचे दार उघडे नव्हते, म्हणून झाली होती. कालव्यावरील त्यांची योजना दुखापतीच्या गांभीर्यानुसार निवड करण्यावरच उभी होती.

भारतीय संदर्भ

लिव्हरपूल विद्यापीठाने १९२० च्या दशकात अस्थिशल्यचिकित्सेचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. भारतातील पहिल्या पिढीतील अनेक अस्थिशल्यचिकित्सकांनी तेथे शिक्षण घेतले. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ऑर्थोपीडिक असोसिएशनच्या आरंभीच्या धुरीणांतही लिव्हरपूलचे पदवीधर होते.

ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने जोन्स व हंट यांचा बासचर्चचा अनुभव विशेष बोलका आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात जिंतूर, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील मजुराला जिल्ह्याच्या ठिकाणची प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाचा रोजगार व प्रवासखर्च असतो. अनावश्यक फेरी टळली तर त्याचा लाभ होतो. परंतु मायबोलीतील स्पष्ट सूचना, धोक्याच्या लक्षणांची माहिती आणि अडचण आल्यास विचारण्याची सोय नसेल, तर न बोलावणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे ठरते. बधिरता, बोटे निळी वा गार पडणे, वाढत जाणारी वेदना किंवा सूज, अथवा काही आठवड्यांनंतरही अवयवावर भार न पेलणे, ही लक्षणे दिसल्यास तारीख दिलेली नसली तरी रुग्णाने तत्काळ डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.