कस्तुरबांच्या उशाशी जागलेल्या डॉक्टर : सेवाग्रामच्या बडी बहनजी

हिंगणघाट : सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात पेशंट नेला नाही, असं गाव आपल्या तालुक्यात सापडणं कठीण. हा दवाखाना उभा केला डॉ. सुशीला नायर यांनी. तिथली मंडळी त्यांना बडी बहनजी म्हणत.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या कुंजाह गावचा. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. थोरले भाऊ प्यारेलाल गांधीजींचे सचिव होते. त्यामुळे त्या सेवाग्रामला आल्या आणि गावात कॉलरा पसरला तेव्हा घरोघरी फिरल्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये कस्तुरबांसोबत त्यांनाही अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी २१ दिवसांचा उपास केला. मळमळीने पाणीही पोटात जाईना, नाडी मंद झाली. पाणी किती गेलं, लघवी किती झाली, नाडी कशी, यावर डॉक्टरांची सतत नजर होती. जीवावर बेतलं तेव्हा पाण्यात थोडा मोसंबीचा रस दिला आणि उपास पार पडला.

पुढच्याच वर्षी कस्तुरबा खाटेला खिळल्या. सुशीलाबेन आणि डॉ. गिल्डर उपचार करत होते. शेवटी मुलगा देवदास यांनी पेनिसिलिन मिळवलं. तेव्हा हे औषध नवीन आणि दुर्मिळ होतं. पण दर काही तासांनी सुई टोचावी लागणार, हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला बा गेल्या. औषध हातात असूनही ते द्यायचं की नाही, हा प्रश्न किती जड असतो ते सुशीलाबेननी जवळून पाहिलं.

सुटून आल्यावर त्यांनी सेवाग्रामात छोटा दवाखाना सुरू केला. बायका आणि लेकरांसाठी सुरू झालेलं कस्तुरबा रुग्णालय त्यातूनच वाढलं. १९६२ ते १९६७ त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. १९६९ मध्ये त्यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. ३ जानेवारी २००१ ला सेवाग्रामातच त्यांचं निधन झालं.

आज वॉर्डात सिस्टर नाव विचारते, औषध, मात्रा, वेळ आणि ते गोळीने द्यायचं की सुईने, हे तपासते. नाडी, बीपी, लघवीची नोंद ठेवते. पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून आपण चिडतो. पण पेशंट घसरतोय हे बऱ्याचदा त्या नोंदीतूनच आधी कळतं.

म्हणून पेशंटजवळ बसणाऱ्यानेही एवढं पाळावं. आधी कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठलं किंवा दम लागला असेल तर ते आधीच सांगावं. घरच्या चालू गोळ्या सोबत न्याव्या. सलाईनचा वेग आपल्या हाताने वाढवू नये. इंजेक्शननंतर खाज, सूज किंवा धाप दिसली तर लगेच सिस्टरला हाक मारावी.