डॉ. रखमाबाई : लोकमतापलीकडचे समाधान

मनुष्य समाजात राहतो, म्हणून त्यास समाजाच्या मताची बूज राखावी लागते, हे खरे. परंतु ती कोठवर राखावी, याची मर्यादा फार थोड्यांस उमगते. पुष्कळांचे आयुष्य लोक काय म्हणतील या एकाच चिंतेत सरून जाते, आणि शेवटी पाहावे तर लोक निराळ्याच विषयावर बोलत असतात. आपल्या खांदा कॉलनीत नाना गावांहून येऊन स्थिरावलेली ज्ञातीची कुटुंबे आहेत. येथील मुलीबाळी खांदेश्वर स्थानकावरून रोज गाडी पकडून शिक्षणास व नोकरीस जातात. तरीही मुलीचे लग्न लांबले, मोडले किंवा तिने एखादा वेगळा मार्ग धरला, की घरातील वडीलधाऱ्यांची झोप उडते, ती बहुधा मुलीच्या दुःखाने नव्हे, तर चारचौघांच्या बोलण्याने. अशा वेळी स्मरण व्हावे असे एक चरित्र महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे कै. डॉ. रखमाबाई यांचे होय.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी सुतार ज्ञातीतील एका कुटुंबात झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच निवर्तले आणि आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. सुदैवाने त्या ज्ञातीत पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक व वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पूर्वपतीची मालमत्ता लेकीच्या नावे करून दिली होती. या घरात रखमाबाईंस विद्येचा वारा लागला.

तथापि त्या काळाच्या रीतीस हे घरही अपवाद नव्हते. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह सखाराम अर्जुन यांच्या नात्यातील दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. दादाजी तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी सासरी राहून शिक्षण घ्यावे व मग संसारास लागावे, अशी योजना होती. ती सिद्धीस गेली नाही. दादाजींनी शिक्षण टाकले, ते आपल्या मामांच्या घरी राहू लागले, आणि पुढे प्रकृती व पैसा या दोन्ही बाबतींत त्यांची स्थिती खालावत गेली. इकडे रखमाबाई माहेरीच राहून, मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून, घरच्या घरी अभ्यास करीत होत्या. प्रार्थना समाज व आर्य महिला समाज यांच्या बैठकींस जात होत्या. अजाण वयात आपल्या संमतीवाचून जे लग्न लागले, त्याच्या बळावर कोणी आपणांस नांदावयास नेऊ शकत नाही, असा त्यांचा निश्चय या काळात झाला.

१८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत मागणी केली व पुढे मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. जो संसार कधी सुरूच झाला नाही, तो पूर्ववत करण्याचा हुकूम कसा द्यावा, अशी त्यांची विचारसरणी होती. नवलाची गोष्ट ही की, पत्नीस कोर्टाच्या हुकुमाने नांदावयास पाठविण्याचा हा इलाज हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्रजी कायद्यातून इकडे आला होता. खुद्द इंग्लंडात असा हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्ये रद्दही झाली होती. परंतु धर्म बुडाला अशी हाकाटी करणाऱ्यांस हा विचार करण्यास सवड नव्हती.

याच वर्षी टाइम्स ऑफ इंडिया पत्रात 'एक हिंदू स्त्री' या सहीने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. एकात बालविवाहाने मुलींच्या शिक्षणाची व आयुष्याची होणारी हानी, तर दुसऱ्यात सक्तीच्या वैधव्याचे दुःख मांडले होते. ती लिहिणारी स्त्री म्हणजे रखमाबाईच. याच साली त्यांचे पितृतुल्य आधारस्तंभ सखाराम अर्जुन यांचेही निधन झाले होते. म्हणजे निंदेचे वादळ उठले तेव्हा डोक्यावरील छत्र नाहीसे झालेले होते.

दादाजींनी अपील केले, निकाल फिरला व खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी पतीकडे जावे, न गेल्यास सहा महिने कारावास सोसावा. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. एका बावीस वर्षांच्या मुलीने असे म्हणताच देशभर गहजब झाला. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक तिच्या साहाय्यास धावले. बाळ गंगाधर टिळकांसारख्या थोर पुरुषांनी विरोधाची बाजू घेतली. माहेरच्या मंडळींनी मालमत्तेच्या लोभाने मुलीस फितविले, असाही आरोप झाला. ज्या काळी घरंदाज स्त्रीचे नाव वृत्तपत्रात येणे हीच मानहानी समजत, त्या काळी हे नाव इंग्लंडच्या वृत्तपत्रांतही छापले जात होते.

या ठिकाणी वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रखमाबाईंस हे सर्व बोलणे लागले नसेल, असे मानण्याचे कारण नाही. निंदा ऐकू न येणारे कान परमेश्वराने कोणासही दिलेले नाहीत. त्यांनी केले ते इतकेच, की ज्या घरी आपणांस उभे आयुष्य काढावयाचे, त्याविषयीचा निर्णय ज्यांस ते आयुष्य काढावयाचे नव्हते, अशा माणसांच्या हाती सोपविला नाही. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला, आणि तुरुंगात जाण्याची वेळ आली नाही. पुढे दादाजींनी दुसरा विवाह केला. १८९१ मध्ये सरकारने मुलींचे संमतिवय दहावरून बारा केले. त्या कायद्यामागील चर्चेस या खटल्याने मोठी चालना दिली होती.

खटला संपला तेव्हा रखमाबाईंस स्वातंत्र्य मिळाले, पण सुख मिळाले असे म्हणता येणार नाही. नकार देऊन मनुष्य मोकळा होतो. समाधानासाठी मात्र हाती काही काम असावे लागते. ते काम रखमाबाईंनी शोधले. डॉ. ईडिथ पीची व इतर हितचिंतकांच्या साहाय्याने त्या १८८९ मध्ये इंग्लंडास गेल्या व लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम. डी. पदवी घेऊन त्या परतल्या. आनंदीबाई जोशी यांस काळाने रुग्णसेवेची संधी दिली नव्हती. रखमाबाईंच्या वाट्यास ती उदंड आली. सुरत येथील स्त्रियांच्या इस्पितळात त्यांनी वीसहून अधिक वर्षे काम केले. त्यानंतर राजकोट संस्थानातील जनाना इस्पितळाची धुरा १९३० च्या सुमारापर्यंत सांभाळली. परपुरुषास नाडी दाखविणे जेथे अशक्य, तेथे कित्येक आयाबहिणींस त्यांच्या हातून जीवदान मिळाले असेल. ज्या स्त्रीस संसार मोडणारी म्हणून हिणवले, तिच्याच हाती परक्यांच्या घरचे पाळणे हलते राहिले.

या चरित्रातील एक प्रसंग विशेष मननीय आहे. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ज्या पतीकडे तुरुंगाच्या भयानेही त्या गेल्या नाहीत, त्याच्यासाठी हे व्रत का? सुधारकांस हे खटकावे, सनातन्यांस याचा अचंबा वाटावा. त्यांच्या अंतरीचे कारण ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही. आमच्या अल्पमतीस यातून एवढेच दिसते की, त्या लोकांच्या सांगण्यावरून वागत नव्हत्या, तशाच लोकांच्या विरोधासाठी म्हणूनही वागत नव्हत्या. जो केवळ जगाच्या उलट चालतो, त्याचाही लगाम जगाच्याच हाती असतो. त्यांचा लगाम त्यांच्या स्वतःच्या हाती होता.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. पडदापद्धती नष्ट व्हावी म्हणून त्यांनी लेखणी झिजविली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या निंदकांपैकी बहुतेकांची नावेही आज कोणास ठाऊक नाहीत.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, या चरित्रापासून आपल्या मुलींनी धैर्य घ्यावे, हे सांगणे सोपे आहे. परंतु धैर्याचा सर्व भार मुलींच्याच माथी का? लोक काय म्हणतील, असे आपण म्हणतो, तेव्हा ते लोक कोण? शेजारच्या बिल्डिंगमधील काकू, ज्ञातीच्या मेळाव्यात भेटणारे मामा, हळदीकुंकवास आलेल्या वहिनी, म्हणजे आपणच. ज्याच्या भीतीने आपण आपल्या लेकीस गप्प बसवितो, तोच धाक दुसऱ्याच्या लेकीस आपण घालीत असतो. ज्ञाती ही सुखदुःखात पाठीशी उभी राहण्यासाठी असते. सल्ला द्यावा, तो आपुलकीने द्यावा, व निर्णय ज्याचा त्यास करू द्यावा. जयंतीबाईंना त्यांच्या ज्ञातीने पुन्हा संसार मांडू दिला, म्हणून सखाराम अर्जुन यांचे विद्यासंपन्न घर त्यांच्या लेकीस लाभले, आणि त्या घरातून एक डॉक्टर निघाली. आपल्या एका मौनाने, एका न केलेल्या चर्चेने, कोणाच्या घरात काय उमलेल, हे आज कोण सांगू शकेल?