लहानांच्या ओठी उत्तम गाणे : झोल्तान कोदाय



मुलाला संगीत केव्हापासून शिकवावे, या प्रश्नाला हंगेरीचे थोर संगीतकार झोल्तान कोदाय यांचे उत्तर ठरलेले असे : जन्माच्या नऊ महिने आधीपासून. पुढे तेवढेही त्यांना पुरेसे वाटेना. मग ते आईच्या जन्माच्या नऊ महिने आधीपासून, असे सांगू लागले. ऐकणाऱ्याला याचे हसू येईल. पण कोदाय यांनी आपल्या आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे याच कामी वेचली. एवढा नामवंत माणूस बालवाडीतील मुलांच्या गाण्यांसाठी इतका का झटला, हे या रविवारी आपण पाहू या.

कोदाय यांचा जन्म 16 डिसेंबर 1882 रोजी केचकेमेत येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या बदलीमुळे कुटुंब गालान्ता या लहान गावी आले. घरी वडील व्हायोलिन वाजवीत, आई पियानो वाजवी व गाई. शाळेतले सवंगडी शेतकऱ्यांची अनवाणी मुले होती. त्यांच्या तोंडची गाणी कोदाय कधीच विसरले नाहीत. पुढे त्रनावा येथे शिकताना ते तेथील कॅथेड्रलच्या गायनवृंदात गात असत. ही दोन्ही गावे आज स्लोव्हाकिया देशात आहेत.

उच्च शिक्षणासाठी ते बुडापेस्टला गेले. तेथे विद्यापीठात भाषा आणि संगीत अकादमीत संगीतरचना असा दुहेरी अभ्यास त्यांनी केला. 1905 साली ते लोकगीते गोळा करण्यासाठी गालान्ताच्या परिसरातील खेड्यांत हिंडले आणि 1906 साली हंगेरियन लोकगीतांवरील प्रबंधाबद्दल त्यांना डॉक्टरेट मिळाली. मित्र बेला बार्तोक यांच्यासह त्यांनी हे काम वर्षानुवर्षे चालू ठेवले. म्हातारी माणसे गात आणि हे दोघे ती गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करून घेत. 1923 साली 55व्या स्तोत्राच्या जुन्या हंगेरियन रूपांतरावर कोदाय यांनी केलेली मोठी संगीतरचना गाजली आणि त्यांचे नाव युरोपभर झाले.

मोठेपणाच्या या पायरीवर असतानाच ते मुलांकडे वळले. याविषयी एक हकिकत सांगितली जाते. बुडाच्या टेकड्यांवर फिरायला गेले असताना त्यांना सहलीला आलेल्या मुलींचे गाणे ऐकू आले. गाणी अगदीच हलकी होती. चौकशी केल्यावर कळले की, या मुली शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत आहेत. उद्या याच मुली शेकडो बालकांना गाणी शिकवणार, या विचाराने कोदाय अस्वस्थ झाले. 1925 पासून त्यांनी बालगायनवृंदांसाठी रचना करायला सुरुवात केली. मुलांसाठी काहीही चालते, ही समजूत त्यांनी साफ नाकारली. लहान वयात बिघडलेली रुची पुढे सुधारणे फार कठीण असते, म्हणून मुलांना उत्तम तेच दिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तीन ते सात ही वर्षे संगीताच्या दृष्टीने सर्वांत मोलाची, असे त्यांनी 1941 साली बालवाडीतील संगीताविषयी लिहिताना मांडले.

कोदाय यांच्या विचारांतून आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कष्टांतून जी शिक्षणपद्धती तयार झाली, ती साधी आहे. वाद्य हाती देण्याआधी मुलाने गायचे. सुरुवात मातृभाषेतील बडबडगीते आणि खेळगाणी यांपासून होते. मुले फेर धरतात आणि गाण्याच्या तालावर पावले टाकतात. दोघे हातांची कमान करतात, बाकीचे तिच्याखालून जातात. पायांना ताल कळला की शब्दांची लय टाळ्यांनी वाजवायची. कोकिळेच्या सादेसारखे दोनच स्वर असलेली गाणी आधी येतात, मग तिसरा स्वर, मग पुढचे. प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते. ही खुणांची रीत इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्याकडून घेतली. मुलाच्या गळ्यात गाणे पक्के बसले की मगच त्याचे लेखन दाखवायचे. यातील 'दो' हा स्वर आपल्या 'सा'प्रमाणे कोणत्याही पट्टीत धरता येतो. पेटीवर काळी एक धरा नाहीतर पांढरी चार, सा तो साच.

या स्वरनामांचे मूळ आपल्या ख्रिस्तसभेतच आहे. अकराव्या शतकात अरेझ्झोचे ग्वीदो या बेनेडिक्टाइन संन्याशाने गायनवृंदातील मुलांना लवकर शिकता यावे म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या लॅटिन स्तोत्रातील ओळींच्या आद्याक्षरांवरून स्वरांना नावे दिली. कोदाय हे त्याच परंपरेचे वारसदार होत.

त्यांचे आयुष्य सुखासीन मात्र नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बुडापेस्टला वेढा पडला, तेव्हा कोदाय व त्यांच्या पत्नी एम्मा यांनी आधी एका कॉन्व्हेंटमध्ये आणि मग ऑपेरागृहात आसरा घेतला होता. त्याच ऑपेरागृहातील कोट-छत्र्या ठेवण्याच्या दालनात 11 फेब्रुवारी 1945 रोजी त्यांची 'मिस्सा ब्रेव्हिस' प्रथम गायली गेली. नदीपलीकडच्या बुडा भागात अजून लढाई चालू होती. शांतीची याचना करणारी ती मिस्सा गायकांनी कोणत्या भावनेने गायली असेल, याची आपण कल्पनाच केलेली बरी.

युद्धानंतर त्यांच्या कामाला फळ आले. 1950 साली त्यांच्या जन्मगावी मार्ता नेमेसेगी यांनी अशी प्राथमिक शाळा सुरू केली, जिथे गायन हा रोजचा विषय होता. 1951 साली हंगेरियन लोकसंगीताच्या महासंग्रहाचा पहिला खंड निघाला, आणि तो लहान मुलांच्या खेळगाण्यांचा होता. 6 मार्च 1967 रोजी कोदाय यांनी देह ठेवला. 2016 साली युनेस्कोने लोकसंगीत जपण्याच्या त्यांच्या मार्गाची एक उत्तम आदर्श म्हणून नोंद केली.

बंधुभगिनींनो, आपली बुद्धी जे जाणते ते आधी इंद्रियांच्या दारातून आत येते, असे संत थॉमस अक्वायनस यांचे तत्त्वज्ञान सांगते. कोदाय यांनी मुलांना हेच दिले : आधी कान, पाय आणि गळा, नाव आणि व्याख्या नंतर. श्रद्धेचेही असेच असते. त्रैक्याचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी मूल आईचा हात धरून क्रुसाची खूण करायला शिकते.

म्हणून आपणही थोडे स्वतःकडे पाहू या. गायनवृंद गातो आणि बाकीचे ऐकतात, ही सवय आपल्याला जडू लागली आहे. मोठे गप्प राहिले तर मुले कोणाचे ऐकून गाणार? आपल्या वसईतील आजीबाईंना बोलीतली लग्नगीते, अंगाईगीते व खेळगाणी तोंडपाठ आहेत. ती नातवंडांच्या ओठी आली नाहीत, तर आजीबरोबरच मातीत जातील. मोबाईल हातात दिला की मूल शांत होते खरे, पण ते गात नाही.

फार मोठे काही करायला नको. रात्री रोझरीनंतर मुलांबरोबर एक गाणे गा. धर्मशिक्षणाच्या वर्गाआधी दहा मिनिटे फेर धरून, टाळ्या वाजवून गाऊ द्या. मिस्सेतील प्रतिसाद मोठ्यांनीच आधी मोकळ्या गळ्याने म्हणावा. आवाज गोड असलाच पाहिजे असे नाही. बाळाला आईचा आवाज पुरतो.

लेकरांना जवळ घेऊन आशीर्वाद देणाऱ्या प्रभू येशूने आपल्या घराघरांत स्तुतीचे सूर जागते ठेवावेत, हीच प्रार्थना.

आपले प्रमुख धर्मगुरू