लेनिन

व्होल्गा नदीच्या काठी सिंबिर्स्क नावाचे एक नगर होते. तेथे २२ एप्रिल १८७० रोजी व्लादिमिर इलिच उल्यानोव्ह याचा जन्म झाला. पुढे हाच मुलगा लेनिन या टोपणनावाने जगाला परिचित झाला. त्याचे वडील सरकारी शाळांचे तपासनीस होते. खेड्यापाड्यांतून शाळा निघाव्यात याची त्यांना मोठी तळमळ असे.

१८८६ साली वडील अकस्मात वारले. दुसऱ्याच वर्षी त्याहूनही मोठा आघात या कुटुंबावर कोसळला. थोरला भाऊ अलेक्झांडर हा सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होता. झार बादशहाला ठार मारण्याच्या कटात त्याला अटक झाली. सिंबिर्स्कला तेव्हा आगगाडी नव्हती. मुलाला भेटण्यासाठी आईला घोडागाडीने दूरच्या स्टेशनापर्यंत जाणे भाग होते. तिला सोबत मिळावी म्हणून व्लादिमिर दारोदार फिरला. परंतु राजद्रोह्याच्या आईबरोबर प्रवास करण्यास एकही परिचित धजला नाही. मे महिन्यात अलेक्झांडरला फाशी देण्यात आली. त्याच सुमारास व्लादिमिरची शाळेची अखेरची परीक्षा होती. त्याने ती दिली आणि सुवर्णपदक मिळविले. मुख्याध्यापक केरेन्स्की यांनी त्याला उत्तम शिफारसपत्र दिले. तीस वर्षांनी हाच विद्यार्थी आपल्या मुलाचे सरकार उलथून टाकील, हे त्यांच्या स्वप्नीही आले नसेल!

भावाच्या मृत्यूने व्लादिमिरच्या विचारांना वळण लागले. १८८१ साली एक झार बाँबने मारला गेला होता. पण त्याच्या जागी आलेला झार अधिकच कठोर निघाला. मग दुःखाचे मूळ एका माणसात नसून समाजाच्या घडणीतच असले पाहिजे, असे त्याला वाटू लागले. ते मूळ शोधण्यासाठी त्याने कार्ल मार्क्सच्या ग्रंथांचा कसून अभ्यास केला.

रशियातील स्थिती खरोखरच दारुण होती. जमीनदारांच्या मालकीचे भूदास १८६१ साली मुक्त झाले, तरी मिळालेल्या तुटपुंज्या जमिनीची किंमत त्यांना वर्षानुवर्षे हप्त्यांनी फेडावी लागली. शहरांत कारखाने निघाले. तेथे मजुरांचा दिवस साडेअकरा तासांहून मोठा नसावा एवढे ठरविण्यासाठीही १८९७ साल उजाडावे लागले. १९०५ साली निःशस्त्र कामगार देवाच्या तसबिरी हाती घेऊन झारकडे गाऱ्हाणे मांडण्यास निघाले, तेव्हा सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. झार म्हणजे प्रजेचा पिता, ही भोळी श्रद्धा त्या दिवशी मेली.

या काळात लेनिनने सायबेरियात तीन वर्षांची हद्दपारी भोगली आणि पुढे बहुतेक आयुष्य परदेशात काढले. तेथून तो साऱ्या जगातील घडामोडींवर नजर ठेवीत असे. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. या संपाची दखल लेनिनने आपल्या लेखात घेतली आणि हिंदी कामगार राजकीय लढ्यास सिद्ध झाला असल्याचा निष्कर्ष काढला.

१९१४ साली महायुद्ध पेटले. लक्षावधी शेतकरी रणांगणावर मेले आणि शहरांत पावाचा तुटवडा पडला. मार्च १९१७ मध्ये राजधानीतील स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या. सैनिकही लोकांना मिळाले आणि आठवड्याभरात झारने सिंहासन सोडले. परंतु नव्या सरकारने युद्ध थांबविले नाही. स्वित्झर्लंडमधून परतलेल्या लेनिनने शांतता, जमीन आणि भाकरी या तीनच गोष्टी मागितल्या. त्या ज्याच्या त्याला समजत होत्या. ७ नोव्हेंबर १९१७ रोजी त्याच्या बोल्शेविक पक्षाने सत्ता घेतली. रशियातील पंचांग तेव्हा तेरा दिवस मागे असल्यामुळे ही क्रांती ऑक्टोबर क्रांती म्हणून ओळखली जाते.

दुसऱ्याच दिवशी युद्ध थांबविण्याचे आवाहन निघाले आणि जमीनदारांची मालकी रद्द झाली. येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोकांनी निवडलेली घटनासभा जानेवारी १९१८ मध्ये एका दिवसातच गुंडाळण्यात आली. विरोधकांना दडपण्यासाठी गुप्त पोलिसांना मोकळीक मिळाली. यादवी युद्ध पेटले. सैनिक आणि शहरे जगविण्यासाठी शेतकऱ्यांचे धान्य सक्तीने उचलले गेले. त्यात अवर्षणाची भर पडून १९२१ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. ज्या शेतकऱ्याच्या नावाने क्रांती झाली, तोच उपाशी राहिला. तेव्हा कोठे लेनिनने सक्ती मागे घेऊन शेतकऱ्याला उरलेले धान्य बाजारात विकण्याची मोकळीक दिली. चूक ओळखण्याचा हा गुण त्याच्यात होता. पण तोवर फार उशीर झाला होता.

क्रांतीचे पडसाद सर्वत्र उमटले. कामगारांच्या आठ तासांच्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय करार १९१९ साली झाला. त्यामागे रशियाच्या उदाहरणाची धास्तीही होती. परतंत्र देशांतील तरुणांचे डोळे मॉस्कोकडे लागले. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९२० साली तेथील परिषदेत वसाहतींच्या प्रश्नावर खुद्द लेनिनशी वाद घातला. व्हिएतनामचा हो चि मिन्ह त्याच्याच लेखनाने प्रभावित झाला. चीनमध्ये १९४९ साली कम्युनिस्टांचे राज्य आले. खुद्द सोव्हिएत संघराज्य मात्र १९९१ साली विसर्जित झाले.

१९२२ पासून लेनिनला पक्षाघाताचे झटके येऊ लागले. अंथरुणावरून त्याने काही टिपणे सांगून लिहवून घेतली. स्टालिनच्या हाती अमर्याद सत्ता एकवटली आहे, त्याला सरचिटणीसपदावरून दूर करावे, अशी सूचना त्यांत होती. तिच्याकडे सहकाऱ्यांनी दुर्लक्ष केले. २१ जानेवारी १९२४ रोजी लेनिन मरण पावला. त्याची पत्नी क्रुप्स्काया हिने, पतीची स्मारके न उभारता पाळणाघरे, शाळा, ग्रंथालये आणि दवाखाने बांधावेत, अशी जाहीर विनंती केली. तथापि पुतळे देशभर उभे राहिले, आणि मॉस्कोच्या लाल चौकात काचेच्या पेटीत ठेवलेला लेनिनचा देह पाहण्यासाठी अजूनही लोक येतात.