शास्त्रज्ञ कमला सोहोनी

मुलांनो, भाकरीचा घास बराच वेळ चावून पाहा. तो हळूहळू गोड लागू लागेल. आपल्या लाळेतील एक विकर पिठातील स्टार्चची साखर करते. शरीरातील अशी कामे वेगाने घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे म्हणतात. प्रथिने आणि विकरे यांचा अभ्यास करता यावा म्हणून एका मुलीला आधी प्रयोगशाळेचे दार उघडून घ्यावे लागले. तिचे नाव कमला भागवत.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. त्यांचे वडील व काका रसायनशास्त्रज्ञ होते. थोरली बहीण दुर्गा पुढे नामवंत लेखिका झाली. आपल्या सातारा जिल्ह्यात, कराडला १९७५ साली भरलेल्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवणारे सर सी. व्ही. रामन. त्यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि अडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष त्यांचे काम पाहिले जाणार होते. ते पसंत पडले तरच प्रवेश पक्का होणार होता. मुलांना अशी अट नव्हती! हा अपमान त्यांना फार लागला. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

नंतर त्या इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन आढळले. पेशीत तंतुकणिका नावाची बारीक अंगके असतात. अन्नातील ऊर्जा तेथे मोकळी होते. त्या कामात सायटोक्रोम-सी मदत करते. प्राण्यांच्या पेशींतही ते असते. म्हणजे सांगलीच्या मळ्यातला ऊस, तो वाहणारा बैल आणि आपण, साऱ्यांच्या पेशींचे श्वसन याच प्रथिनाच्या मदतीने चालते! या संशोधनाबद्दल १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता.

त्या भारतात परतल्या. १९४७ साली विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी प्राध्यापक व पुढे संचालक म्हणून काम केले. गरीब मुलांच्या पोषणासाठी नीरा किती उपयोगी आहे, हे त्यांनी अभ्यासले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ग्राहकांची फसवणूक टळावी म्हणूनही त्या झटल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

मुलींनो, शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकातून कांद्याची पेशी पाहाल, तेव्हा कमलाबाईंची आठवण ठेवा. आणि मुलांनो, शेजारी उभ्या असलेल्या बहिणीलाही पाहायला जागा द्या.