कॅमेऱ्याचा आवाज लपवणारा शिकारी: जिम कॉर्बेट

फोनच्या कॅमेऱ्याला क्लिकचा आवाज असतो. खारीचा किंवा खंड्याचा फोटो काढताना आपण फोन सायलेंट करतो आणि विषय संपतो. जिम कॉर्बेट याच एका आवाजाशी जवळपास दहा वर्षं झगडत होता, आणि त्याच्यासमोर खार नव्हती, वाघ होता.

कॉर्बेट म्हटलं की आपल्याला नरभक्षक आठवतात. 1907 साली मारलेली चंपावतची वाघीण, जिच्या नावावर 436 बळी होते. 1926 मधला रुद्रप्रयागचा बिबट्या. या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणून त्यांत फार शिरत नाही. मला त्याच्या कॅमेऱ्याबद्दल सांगायचंय.

त्याचा जन्म 25 जुलै 1875 चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते गेले. घरचा नियम असा, की उन्हाळ्यात वर नैनितालला राहायचं आणि थंडीत डोंगराच्या पायथ्याशी कालाढुंगीला उतरायचं. जंगल तो शिकला ते या थंडीच्या महिन्यांत. चितळ कशाला बघून ओरडलं, वाळूतला ठसा रात्रीचा की पहाटेचा, हे त्याला पोरवयातच कळायला लागलं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याचा डेटासेट एकाच परिसरातला होता, पण वर्षानुवर्षांचा.

पुढे रेल्वेत नोकरी लागली. बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट त्याने वीसेक वर्षं सांभाळलं. सुट्टी मिळाली की कुमाऊँ.

1920 च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनअधिकारी जंगलात तार लावून रात्री फ्लॅशने वाघांचे फोटो काढत होता. वाघाचा पाय तारेला लागला की फोटो निघायचा. आजच्या कॅमेरा ट्रॅपचा हा आजोबाच. ते फोटो पाहून कॉर्बेट पेटला. पण त्याला वाघ चालताना हवा होता, तोही दिवसाउजेडी. 1928 च्या सुमारास सोळा मिलिमीटर फिल्मचा मूव्ही कॅमेरा त्याच्या पाहण्यात आला आणि नाद लागला.

अडचण आवाजाची होती. तेव्हाच्या अशा कॅमेऱ्यात स्प्रिंगला चावी द्यायची, मग दातेरी चाकं फिल्म पुढे ओढायची, आणि सगळं शिलाई मशीनसारखं खडखडायचं. वाघ तो आवाज ऐकून निघून जायचा.

1938 च्या हिवाळ्यात त्याने यावर तोडगा काढला. मशीन शांत करता येत नाही ना, मग आजूबाजूचा आवाज वाढवायचा! एका ओहोळाला त्याने जागोजागी छोटे बांध घातले. काही इंचांचे धबधबे तयार झाले आणि त्यांच्या खळखळाटात कॅमेऱ्याची खडखड बुडाली. मग वेगवेगळ्या भागांतले सात वाघ त्याने थोडं थोडं करत त्या ओहोळाकडे आणले.

खरी जोखीम इथे होती. त्या भागात भरपूर शिकार चालायची. वाघ उघड्यावर दिसला असता तर दुसऱ्या कुणाची गोळी आधी लागली असती. म्हणजे वाघांना कॅमेऱ्यासमोर आणायचं, पण माणसांच्या नजरेला पडू द्यायचं नाही. त्यांतली एक वाघीण दुसऱ्याच दिवशी निघून गेली. उरलेल्या सहांचं चित्रण झालं आणि त्यांत एक पांढरी वाघीण होती.

ऋतूने त्याला हात दिला आणि दगाही दिला. थंडीतल्या दवाने पालापाचोळा मऊ पडतो, पायाखाली वाजत नाही, म्हणून उजाडायच्या आधी तो जागेवर जाऊन बसू शकायचा. उन्हाळ्यात हे शक्यच नव्हतं. पण तो हिवाळा फार ओला निघाला. लेन्सवर बाष्प, अपुरा उजेड, कधी आत अडकलेली फिल्म. हजारभर फूट फिल्म वापरली, त्यातली सहाशेच्या आसपास चांगली निघाली.

सहाशे फूट म्हणजे किती? सोळा मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 40 फ्रेम बसतात, म्हणजे 24,000 फ्रेम. सेकंदाला 16 फ्रेमचा वेग धरला तर 25 मिनिटं. आपला फोन एवढा व्हिडिओ चहा होईपर्यंत रेकॉर्ड करतो. त्याला साडेचार महिने लागले. अंतर होतं दहा ते साठ फूट, आणि तेवढ्या काळात एकाही वाघाने त्याला पाहिलं नाही. मला तर हा भाग चंपावतच्या वाघिणीपेक्षा जास्त थरारक वाटतो.

कॅमेरा आला म्हणून बंदूक सुटली असं मात्र झालं नाही. त्याच साली, नोव्हेंबरच्या शेवटी, 63 व्या वर्षी त्याने ठाकची नरभक्षक वाघीण मारली. व्हाइसरॉयच्या शिकारींची व्यवस्थाही तो बघायचा. आणि 1936 साली भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं, त्यासाठी झटणाऱ्यांतही तो होता. हे सगळं एकाच माणसात होतं. ते जुळवून दाखवायच्या भानगडीत मी पडत नाही.

नरभक्षकांवरचं त्याचं पुस्तक 1944 साली आपल्या मुंबईतून छापलं गेलं. 1947 च्या अखेरीला बहीण मॅगीला घेऊन तो केनियात न्येरीला गेला. तिथेही कॅमेरा सोबत होताच. 19 एप्रिल 1955 ला तो तिथेच वारला. काही काळाने त्या उद्यानाला त्याचं नाव दिलं गेलं आणि 1973 साली प्रोजेक्ट टायगर तिथूनच सुरू झालं. कालाढुंगीचं हिवाळ्यातलं घर आता संग्रहालय आहे.